रुग्णालयाच्या दाराबाहेरचे छप्पर : संत गाडगे महाराज

मुंबईत भायखळ्याला जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात गोरगरिबांना खाट मिळे, औषध मिळे, नामांकित डॉक्टरांचे हात लागत. पुढच्या शंभर वर्षांत कोकण, देश, खानदेश आणि वऱ्हाड येथील असंख्य कुटुंबांनी आपले आजारी माणूस तेथे आणले. परंतु रुग्णाला आत घेतल्यावर त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने कोठे जावे, हा प्रश्न रुग्णालयाच्या कक्षेत येत नव्हता. भेटीची वेळ संपली की त्याला बाहेर पडावे लागे. मुंबईत ओळखीचे कोणी नसले की मग पदपथ, झाडाखालचा पार, नाहीतर एखाद्या बंद दुकानाची पायरी. तीन दगडांची चूल मांडून पिठले-भाकरी करायची, त्यातलीच थोडी फडक्यात बांधून आत न्यायची आणि रात्री उशाला गाठोडे घेऊन तेथेच आडवे व्हायचे. पावसाळ्यात तेवढेही साधत नसे.

आजारपणाचा खर्च म्हटला की आपल्या मनात प्रथम औषधाचा विचार येतो. खेड्यातून शहरात उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबाचा अनुभव वेगळा असतो. उपचार धर्मादाय असले तरी गाडीभाडे धर्मादाय नसते. सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, घरी गुराढोरांकडे कोणी नसते आणि परक्या शहरात प्रत्येक घासाला पैसे मोजावे लागतात. एखाद्या बिऱ्हाडाची बैलजोडी विकली जाते ती पुष्कळदा शस्त्रक्रियेसाठी नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मुंबईत काढलेल्या दिवसांसाठी. हा हिशेब ज्यांना अचूक कळला होता ते गृहस्थ स्वतः निरक्षर होते. महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा किंवा गाडगे महाराज म्हणून ओळखतो. हातातला खराटा आणि गावोगाव केलेली झाडलोट यांमुळे ते सर्वतोमुखी झाले. रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांनी केलेले काम मात्र चरित्रांत बहुधा यादीतल्या एका ओळीपुरते येते, आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी अजाण असतानाच ते वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे आपल्या माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण शेतीत त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता असे सांगतात. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला.

मामाच्या घरात कर्ज होते. त्या काळी वऱ्हाडात जे घरोघर घडत होते तेच येथेही घडले. सावकाराकडून रक्कम घ्यायची, पीक आले की फेडत राहायचे, पावती मागायची नाही आणि कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नसल्याने दाखवील तेथे अंगठा उठवायचा. फेडूनही कर्ज उरले आणि जमीन गेली. त्या धक्क्याने मामा खचले व वारले. पुढे सावकाराची नजर आणखी एका शेतावर गेली, तेव्हा तरुण डेबूजी औत सोडून त्याच्या माणसांना आडवे गेले आणि त्यांनी शेत सोडले नाही. गावात तोवर असे कोणी केले नव्हते. त्यांच्या पुढच्या आयुष्यातील दोन आग्रह या प्रसंगाशी जोडता येतात : मुलांना शिकवा, आणि कर्ज काढून कोणतेही कार्य करू नका. लग्न असो, श्राद्ध असो, देवाचा नवस असो, ऋण काढून सण साजरा करणाऱ्याला त्यांनी आपल्या कीर्तनांत कधी सोडले नाही. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद रागावले. त्या नाराजीची त्यांनी पर्वा केली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मडक्याचा एक तुकडा, तोच जेवायचे भांडे आणि तोच डोक्यावरची टोपी. या गाडग्यावरून लोकांनी त्यांना नाव दिले. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागत, भाकरी मिळाली तर काही काम करून मगच खात आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात पांडित्य नव्हते. समोर बसलेल्यांना साधे साधे प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घ्यायची आणि शेवटी ज्याला त्याला स्वतःचीच चूक दिसेल अशा ठिकाणी आणून उभे करायचे, ही त्यांची रीत. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत प्रश्नोत्तर पद्धतीवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. एका अक्षरशून्य माणसाने ती हजारो श्रोत्यांपुढे उघड्या मैदानात वापरली.

कीर्तनांतून आणि भक्तांकडून पैसा येऊ लागला. तो त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही आणि साठवलाही नाही. त्याच्या भिंती झाल्या. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंना चिखलातून नदीत उतरावे लागे, म्हणून तेथे त्यांनी घाट बांधून घेतला. पंढरपूरच्या वारीत त्यांना दिसले की लाखो माणसे वाळवंटात पावसात भिजतात, आणि त्यांतही अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला तर कोणत्याच धर्मशाळेत पाऊल टाकता येत नाही. तेव्हा त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. पुढे पंढरपुरात आणखी एक मोठी धर्मशाळा झाली. नाशिकला गोदावरीच्या काठी झाली. आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर येथे झाल्या. मूर्तिजापूरला धर्मशाळेबरोबर गोरक्षण आणि विद्यालय झाले. आंधळे, पांगळे, महारोगी यांच्यासाठी सदावर्ते चालू लागली.

धर्मशाळा ही आपल्याकडची जुनी संस्था. पुण्य जोडण्यासाठी श्रीमंत माणसाने तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधावी, दारावर आपल्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, असा प्रघात. गाडगेबाबांनी तीच संस्था घेतली आणि तिचे व्यवहार बदलले. उतरणाऱ्याला जागा तर मिळेच, शिवाय स्वयंपाकाला भांडी मिळत, चूल मिळे, पाणी मिळे. कारण उघड होते. गरीब माणूस पीठ, डाळ, मीठ घरून बांधून आणू शकतो. तवा आणि पातेले आणणे त्याला जड जाते. भांडी मिळाली की खाणावळीचा खर्च वाचतो आणि गाठीला आणलेली शिधासामग्री आठ दिवस पुरते. हातावर रोख पैसे ठेवण्यापेक्षा ही मदत अधिक टिकाऊ होती, आणि घेणाऱ्याला ती भीक वाटत नसे.

या सर्व इमारती लोकांच्या पैशातून झाल्या असल्याने त्या लोकांच्याच राहिल्या पाहिजेत, याबाबत ते कठोर होते. संस्थांची कामे विश्वस्तांवर सोपवताना आपल्या आप्तेष्टांचा तेथे काही हक्क राहू नये अशी तजवीज त्यांनी करून घेतली. स्वतः ते धर्मशाळेच्या खोलीत न राहता बाहेर कोठेतरी पाठ टेकत. कुंताबाई आणि मुली यांना त्यांच्या नावलौकिकाचा कोणताही लाभ मिळाला नाही. संस्थेच्या पंगतीत बसण्याचाही त्यांचा हक्क बाबांनी मानला नाही. या नि:स्पृहतेचे गुणगान सगळ्यांनीच केले आहे. परंतु तिचे मोल बाबांइतकेच कुंताबाईंनीही दिले, आणि त्यांना ते निवडण्याची संधी नव्हती, हेही नोंदवायला हवे. १९२३ साली खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता बाबांना कळली. ते क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू राहिले. त्या वेळी त्याची आई कोठे होती आणि तिने ती बातमी कशी सोसली, याविषयी चरित्रे फारसे बोलत नाहीत.

त्यांच्या चाहत्यांत सत्तेतील, समाजकारणातील आणि व्यापारातील मोठी माणसे होती. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना फार मानीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचा जिव्हाळा होता. कराडला रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचेच नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ते यांच्यात परस्परांविषयी गाढ आदर होता. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी असल्याचे कळताच केंद्रीय कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्यांना भेटायला गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्यांनी आणलेली घोंगडी स्वीकारली आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह व्हावे हा हेतू. एवढ्या कष्टाने उभारलेली वास्तू अशी सहज देऊन टाकणारा माणूस इमारतींत गुंतलेला नव्हता, हे यावरून दिसते.

वयाची सत्तरी ओलांडल्यावर बाबांचे मुंबईतील वास्तव्य वाढले. ज्याने पन्नास वर्षे तीर्थांच्या ठिकाणी उघड्यावर झोपलेली माणसे पाहिली होती, त्याला रुग्णालयाबाहेर झोपलेली माणसे निराळी वाटण्याचे कारण नव्हते. तीर्थाला माणूस आपल्या इच्छेने जातो, चार दिवस हाल सोसून आनंदाने परततो. रुग्णालयाच्या दाराशी बसलेल्या माणसाला परतण्याचा दिवस ठाऊक नसतो. वारकऱ्याच्या सोबत दिंडी असते, याच्या सोबत कोणी नसते. आणि ज्या सावकारीने दापुऱ्याचे शेत गिळले तीच सावकारी या माणसाची गावी वाट पाहत असते. बाबांनी गावोगाव लोकांना कर्ज काढू नका असे बजावले होते. परंतु घरातले माणूस मरणाच्या दारात असताना असा उपदेश कोण करील आणि कोणी ऐकावा? कर्ज टाळायचे तर खर्चच कमी व्हायला हवा. राहणे आणि शिजवणे या दोन गोष्टींचा खर्च बाहेरच्या माणसाला उचलता येण्याजोगा होता. बाबांनी तो उचलला.

१९५४ साली जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातलगांसाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा उभी राहिली. त्याआधी, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, गाडगे महाराज मिशन स्थापन झाले होते आणि निरनिराळ्या गावच्या संस्थांना त्यामुळे एक कायमचा आधार मिळाला होता. बाबांच्या कार्याचे सार म्हणून दहा कलमांची जी दशसूत्री सांगितली जाते, तिच्यात बेघरांना आसरा हे एक कलम आहे आणि अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार हे दुसरे. भायखळ्याच्या त्या वास्तूत ही दोन कलमे एकत्र आली. देव, तीर्थ, पर्वणी यांच्याशी तिचा संबंध नव्हता. भारतीय धर्मशाळेच्या परंपरेतील हे वळण लहान नाही : यात्रेकरूच्या जागी आता रुग्णाचा नातलग आला. त्याला मिळणारी मदत औषधाची नव्हती, वैद्यकीयही नव्हती. पाठ टेकण्याची जागा, पाणी, चूल आणि रात्री सामान सुरक्षित राहील याची खात्री. पण त्या मदतीमुळे रुग्णाच्या उशाशी त्याचे माणूस टिकून राहू शकत होते. पैसे संपले म्हणून उपचार अर्धवट टाकून गावी निघून जाणे हा गरिबाच्या आजारपणाचा नेहमीचा शेवट असे. तो थोडा तरी लांबणीवर पडत होता.

रुग्णालयांना स्वतःहून ही गरज ओळखायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात रुग्णांच्या घरच्या परिस्थितीची विचारपूस करणारी पहिली अधिकारी, मेरी स्ट्युअर्ट, नेमली गेली आणि त्यातून पुढे वैद्यकीय समाजकार्य हा स्वतंत्र व्यवसाय निर्माण झाला. आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तेथील कार्यकर्ते विश्वस्त निधींची दारे ठोठावतात, राहण्याच्या सोयीची चिठ्ठी देतात. गाडगेबाबांना या शास्त्राचा परिचय असण्याचा संभव नाही. ते आपल्या अनुभवाच्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले होते.

धर्मशाळा झाली तेव्हा बाबांचे वय ७८ वर्षांचे होते. त्यानंतरही त्यांची भटकंती थांबली नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते शेवटचे ठरले. त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण त्या कीर्तनामुळे आपल्याला उपलब्ध आहे. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या निधनाची वार्ता आली, तिचा त्यांच्या खालावलेल्या प्रकृतीवर फार परिणाम झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच, त्यांचे प्राण गेले. अमरावतीत त्यांच्या समाधीभोवती जी वस्ती वाढली तिला आज गाडगेनगर म्हणतात.

भायखळ्याला सुरू झालेले काम त्यांच्या मागे दादरला पुढे गेले. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते. तेथे महाराष्ट्राइतकेच उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, मध्य प्रदेश, आसाम अशा दूरच्या प्रांतांतून रुग्ण येतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकीही अनेकांना ती वाट तुडवावी लागली आहे. कर्करोगाच्या उपचारात एक विचित्र अडचण असते. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात आणि प्रत्येक वेळी जेमतेम काही मिनिटे लागतात. एवढ्यासाठी रुग्णालय खाट देऊ शकत नाही, आणि रोज गावी ये-जा करणे शक्य नसते. रसायनोपचारांत दोन खेपांमध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर. तेवढ्यासाठी पाटण्याला किंवा गुवाहाटीला परत जावे तर गाडीभाडे आणि प्रवासाचा शीण दोन्ही परवडत नाहीत. म्हणजे रुग्ण रुग्णालयात नसतो आणि घरीही नसतो. अशा महिन्या-दोन महिन्यांसाठी मुंबईत भाड्याची खोली घेण्याची ऐपत असलेली कुटुंबे थोडी.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा या मधल्या दिवसांसाठी आहे. रुग्णालयाचे कागद पाहून जागा दिली जाते. रुग्ण आणि त्याची सोबत करणारे नातलग अल्प आकारात तेथे राहतात. जेवणाची सोय होते. जात, धर्म, भाषा विचारली जात नाही. सकाळी मंडळी परळला जातात, दुपारी परत येतात. केस गेलेले डोके पाहून तेथे कोणी वळून बघत नाही, कारण शेजारच्या खाटेवरही तसेच कोणीतरी असते. एकाचा उपचार संपला की तो गाठोडे बांधतो, आणि ती खाट मिळावी म्हणून कार्यालयात कागद देऊन ठेवलेले दुसरे कुटुंब त्याच संध्याकाळी आत येते.